‘आम्ही’ आणि ‘आपण’ : भविष्यकथेतील कर्त्याचा प्रश्न

१

भविष्यकाळाची कल्पना करणाऱ्या कथावाङ्मयाची समीक्षा बहुधा दोन प्रश्नांभोवती घोटाळत राहते. त्यात वर्तवलेले खरे ठरेल काय, हा पहिला. आणि त्यामागचे विज्ञान बिनचूक आहे काय, हा दुसरा. हे प्रश्न वाङ्मयबाह्य आहेत असे म्हणून झटकून टाकण्याची सोय नाही, कारण हा वाङ्मयप्रकार स्वतःच वाचकाला ते विचारायला भाग पाडतो. परंतु या दोहोंच्या गलबल्यात एक तिसरा प्रश्न मागे पडतो. तो व्याकरणाचा आहे, आणि म्हणूनच तो वाङ्मयाच्या गाभ्याचाही आहे. कथेत जे भविष्य घडते त्या घडण्याचा कर्ता कोण?

मराठीत या प्रश्नाला एक जुनी पार्श्वभूमी आहे. आपल्या नित्य व्यवहारात ‘भविष्य’ हे सांगितले जाते, पाहिले जाते, पत्रिकेत वाचले जाते. त्यात कर्तेपण ग्रहांकडे असते आणि माणसाकडे फार तर शांतिकर्माची सोय उरते. ‘भविष्यपुराण’ या नावातच पुढचे आणि मागचे एकत्र नांदतात, आणि त्यातला विरोध परंपरेला कधी खटकलेला दिसत नाही. भविष्य ‘घडवायचे’ असते ही भाषा आपल्याकडे आधुनिकतेबरोबर आली, आणि येतानाच ती अनेकवचनी होऊन आली. राष्ट्र, समाज, पक्ष, वर्ग असा कोणी ना कोणी समूह भविष्य घडवू लागला. ‘आपल्याला’ ते घडवायचे आहे, असे व्यासपीठांवरून सांगितले जाऊ लागले.

येथे मराठीच्या एका वैशिष्ट्याकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी आपल्याकडे दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ हे ऐकणाऱ्याला बाहेर ठेवते, तर ‘आपण’ त्याला आत घेते. संस्कृतात नसलेला आणि द्राविड भाषांत ठळकपणे आढळणारा हा भेद मराठी वक्त्याला सतत एक निवड करायला लावतो. ‘आम्ही निघतो’ आणि ‘आपण निघू’ या दोन वाक्यांत माणसांची मोजदादच बदलते. इंग्रजीत ही निवड करावी लागत नाही, रशियनमध्येही नाही. येवगेनी झाम्यातिनने १९२०च्या सुमारास लिहिलेली आणि १९२४ साली प्रथम इंग्रजीत प्रसिद्ध झालेली कादंबरी हे प्रतियुटोपियाचे आद्य उदाहरण मानले जाते. तिचे नावच हे सर्वनाम आहे. त्याचा मराठी पर्याय ‘आम्ही’ द्यावा की ‘आपण’? पहिला दिला, तर क्रमांकधारी नागरिकांचे एकराज्य वाचकाकडे पाठ फिरवून उभे राहते. दुसरा दिला, तर तेच राज्य वाचकाच्या खांद्यावर हात ठेवते. मला दुसरा पर्याय अधिक भयावह वाटतो.

हा भेद हाताशी धरून अलीकडच्या भविष्यकथेकडे पाहिले असता काय दिसते, याचा शोध येथे घ्यायचा आहे. त्यासाठी मुख्यतः एक कादंबरी निवडली आहे. किम स्टॅन्ली रॉबिन्सन या अमेरिकी लेखकाची ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर’ ही ती कादंबरी, २०२० साली प्रसिद्ध झालेली. तिची सुरुवात भारतात होते, आणि एका अर्थाने तिचे सगळे भविष्य भारतातल्या मृत्यूंच्या पायावर उभे आहे. तिच्या शेजारी जयंत नारळीकरांची एक कथा ठेवायची आहे. ही जोडी वरवर विजोड वाटेल. परंतु दोन्हींत भारत आकाशात हस्तक्षेप करतो, आणि तोही एकमेकांच्या नेमक्या उलट दिशांनी.

२

रॉबिन्सन यांची कादंबरी उत्तर प्रदेशातल्या एका गावात उघडते. उष्णतेची लाट आलेली आहे, हवेत दमटपणा आहे, वीज गेली आहे. शास्त्रज्ञ ज्याला वेट-बल्ब तापमान म्हणतात, म्हणजे हवेतली आर्द्रता जमेस धरणारे तापमान, ते जर ३५ अंश सेल्सिअसपर्यंत चढले, तर घामाने शरीर थंड होण्याची क्रिया थांबते आणि सावलीत स्वस्थ बसलेला निरोगी माणूसही काही तासांत दगावू शकतो. या एका शारीर सत्यावर लेखकाने पहिले प्रकरण रचले आहे. दवाखान्यातले वातानुकूलन यंत्र आणि जनित्र बंदुकीच्या धाकाने पळवले जाते. लोक तळ्यात उतरतात, पण पाणीही कोमट, जवळजवळ गरम आहे. सकाळी त्या गावात एकच माणूस जिवंत उरलेला असतो, फ्रँक मे नावाचा अमेरिकी मदत-कार्यकर्ता. पुढे कळते की या लाटेत एकंदर दोन कोटी माणसे मेली.

हे प्रकरण विलक्षण ताकदीचे आहे, यात शंका नाही. हवामानबदलाविषयी आजवर जे ललित लेखन झाले त्यात इतक्या थोड्या पानांत इतका शारीर प्रत्यय देणारे दुसरे काही चटकन आठवत नाही. अमिताव घोष यांनी ‘द ग्रेट डिरेंजमेंट’मध्ये (२०१६) अशी तक्रार केली होती की गंभीर कादंबरीने असंभाव्याला हद्दपार केले आणि त्यामुळे हवामानाचे संकट विज्ञानकथेच्या वळचणीला जाऊन बसले. त्या तक्रारीला हे प्रकरण एक प्रकारचे उत्तर आहे. येथे असंभाव्य असे काहीच घडत नाही. केवळ एक आकडा एका ठिकाणी काही तास स्थिर राहतो.

पण निवेदनाची योजना पाहू. दोन कोटी मृत्यूंचा साक्षी एकच आहे, आणि तो बाहेरून आलेला आहे. ज्यांची भाषा त्या तळ्याच्या काठावर बोलली जात होती ते सर्व निवेदनाच्या दृष्टीने मुके होऊन मरतात. त्यांच्या मरणाचा आघात पुढे फ्रँकच्या मनोविकाराच्या रूपाने युरोपात पोचतो. लेखकाला याची जाणीव नसेल असे नाही. सूड घेणाऱ्या ‘चिल्ड्रन ऑफ काली’ या भारतीय गटात सामील होण्याची फ्रँकची इच्छा तो गट नाकारतो, हा प्रसंग त्या जाणिवेचाच द्योतक आहे. त्यांचे ‘आम्ही’ फ्रँकला आत घेत नाही. एवढ्यापुरती कादंबरी आपल्या निवेदकाची मर्यादा प्रामाणिकपणे दाखवते. तथापि नकार देणाऱ्यांच्या बाजूला उभे राहून ती फारसे पाहत नाही.

दुसरी गोष्ट मृत्यूच्या वाटणीची. पहिल्या प्रकरणातले मरण सरसकट आहे. श्रीमंत, गरीब, डॉक्टर, मजूर, सर्वच त्या तळ्यात. प्रत्यक्षात उष्णता अशी समान वाटली जात नाही. ती सावलीच्या वाटणीप्रमाणे वाटली जाते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या पुरस्कार सोहळ्यानंतर चौदा जण उष्माघाताने दगावले, तेव्हा मान्यवरांच्या डोक्यावर छत होते आणि श्रोत्यांच्या डोक्यावर नव्हते. कादंबरीतल्या दोन कोटींपुढे चौदा हा आकडा क्षुल्लक दिसेल. पण ‘उष्णतेने माणसे मेली’ या वाक्यातला ‘माणसे’ हा शब्द उलगडायचा असेल तर कादंबरीच्या तळ्यापेक्षा त्या मैदानाकडे पाहावे लागते. आपत्तीला महाप्रलयाचे परिमाण दिले की समाजरचना विरघळून जाते. महाप्रलयाच्या कथांचा हा जुनाच गुण, किंवा दोष.

३

यापुढे कादंबरी झुरिकला जाते. पॅरिस कराराखाली स्थापन झालेली एक आंतरराष्ट्रीय संस्था, अजून जन्माला न आलेल्या पिढ्यांचे हितसंबंध राखण्याचे काम तिच्याकडे, आणि तिची प्रमुख मेरी मर्फी ही आयर्लंडची माजी परराष्ट्रमंत्री. एकशेसहा प्रकरणांत मिळून कथानक असे थोडेच आहे. बैठकांची टिपणे, अर्थशास्त्रावरची छोटी प्रवचने, अंटार्क्टिकावरच्या अभियंत्यांची मनोगते, निर्वासित छावणीतल्या माणसांची निवेदने, सूर्याने किंवा कार्बनच्या अणूने केलेले कूटवजा आत्मकथन, असा हा पसारा आहे. ‘ही कादंबरी नव्हे, दस्तऐवजांची फाईल आहे’ असा आक्षेप तिच्यावर घेतला गेला. तो मला मान्य नाही. किंबहुना तिचे वाङ्मयीन धाडस नेमके तेथेच आहे, आणि त्याची मीमांसा करण्यासाठी थोडे सिद्धान्ताकडे वळले पाहिजे.

डार्को सुविन यांनी १९७९ सालच्या आपल्या ग्रंथात विज्ञानकथेची जी व्याख्या रूढ केली, तिच्यानुसार हा प्रकार बोधनिष्ठ अपरिचितीकरणावर उभा असतो. कथेत एक नवी गोष्ट आणायची, तिचे सर्व परिणाम तर्काने उलगडायचे, आणि त्या आरशात वाचकाचे परिचित जग अपरिचित करून दाखवायचे. फ्रेडरिक जेमसन यांनी १९८२ सालच्या एका निबंधात याला वेगळे वळण दिले. विज्ञानकथा भविष्य दाखवत नाही. ती आपल्या वर्तमानाला कुठल्या तरी येणाऱ्या काळाचा भूतकाळ बनवते, आणि युटोपियाचे खरे कार्य म्हणजे भविष्याची कल्पना करण्यातली आपली असमर्थताच आपल्यापुढे मांडणे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय. रॉबिन्सन हे जेमसन यांचे विद्यार्थी. प्रस्तुत कादंबरी त्यांनाच अर्पण केलेली आहे, आणि ती गुरूशी घातलेला एक दीर्घ वादच आहे असे म्हणता येईल. शिष्याचे म्हणणे असे की युटोपियाची कल्पना करता येते. मात्र ती चित्र म्हणून करता येत नाही, इतिवृत्त म्हणून करता येते. बैठकीत काय ठरले, कोणी विरोध केला, मध्यवर्ती बँकांचे प्रमुख कशाने नमले, हवेतून काढलेल्या कार्बनच्या मोबदल्यात नवे चलन कसे निघाले, या क्रमाने. सुखी नगराचे वर्णन करणारा प्रवासी येथे लागत नाही. त्याच्या जागी टिपण घेणारा कारकून आला आहे.

हा बदल मोठा आहे. वाङ्मयप्रकाराच्या इतिहासात युटोपियाला कंटाळवाणे होण्याचे स्वातंत्र्य इतक्या उघडपणे क्वचितच कोणी दिले असेल. पण इतिवृत्ताचे एक व्याकरण असते. ‘असे ठरले’, ‘मान्य झाले’, ‘कार्यवाही करण्यात आली’ अशा त्या भाषेत कर्ता लोपतो. बैठकीला जे हजर नव्हते ते त्या वाक्यांत कर्मणीही येत नाहीत. झुरिकची ती संस्था भावी पिढ्यांच्या वतीने ‘आपण’ म्हणते. हे ‘आपण’ समावेशक तर खरेच. परंतु मराठीत ‘आपण’ हे आदरार्थी द्वितीयपुरुषीही असते, आणि कचेरीत ज्याला ‘आपण’ म्हटले जाते त्याला बहुधा बाहेरच्या बाकावर बसवलेले असते.

४

आता ज्या प्रकरणासाठी हा लेख लिहिण्याची निकड वाटली तेथे येतो.

उष्णतेच्या लाटेनंतर भारत सरकार आंतरराष्ट्रीय सहमतीची वाट न पाहता स्थितांबरात गंधकाचा डायऑक्साइड सोडण्याचा निर्णय घेते. फिलिपीन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीने जून १९९१मध्ये सुमारे दीड ते दोन कोटी टन गंधकाचा डायऑक्साइड वर फेकला होता आणि त्यामुळे पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने, तात्पुरते, खाली आले होते. कादंबरीतला भारत त्याच्या दुप्पट मात्रा योजतो. करारभंग झाला म्हणून जग हरकत घेते, भारत ऐकत नाही. या मोहिमेचे वर्णन एका छोट्या प्रकरणात आहे. निवेदक नामहीन, हवाई दलातले, प्रथमपुरुषी अनेकवचनी. ते इंधनवाहू विमाने घेऊन वर जातात, जमेल तितक्या उंचीवर वायू सोडतात, उतरतात, पुन्हा जातात. कित्येक महिने हे चालते. कामाची दगदग, विमानांच्या मर्यादा, आणि जगाने आक्षेपार्ह ठरवलेल्या कृतीविषयीचा एक गंभीर अभिमान, एवढेच त्यात आहे.

साऱ्या कादंबरीत भारताला कर्तेपण इतक्या थेट स्वरात क्वचितच मिळाले असेल. फ्रँकच्या नजरेतला मुका भारत येथे बोलतो. म्हणून हे प्रकरण मराठीत मनातल्या मनात आणू पाहणाऱ्या वाचकाला लगेच अडखळायला होते. हे वैमानिक स्वतःला ‘आम्ही’ म्हणतात की ‘आपण’? जगाला उद्देशून बोलत असतील तर ‘आम्ही’, कारण तुमच्या कार्बनने आमची माणसे मारली, हा त्यामागचा आरोप आहे. देशबांधवांना उद्देशून बोलत असतील तर ‘आपण’. इंग्रजी सर्वनाम दोन्ही अर्थ एकदम धरून ठेवते, आणि त्या संदिग्धतेतच एक राजकीय प्रश्न निसटून जातो. ज्यांच्या डोक्यावरचे आकाश बदलले जात होते त्या देशबांधवांना कोणी विचारले होते?

तो प्रश्न पावसाळ्याचा आहे. भारताच्या वार्षिक पर्जन्यमानापैकी सुमारे तीनचतुर्थांश पाऊस नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे पडतो. हे वारे जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातल्या फरकावर अवलंबून असतात. सूर्यप्रकाश अडवून तापमान खाली आणले तर हा फरक आणि त्याबरोबर पाऊस कमी होऊ शकतो. पिनातुबोनंतरच्या वर्षी, १९९२मध्ये, जगभर जमिनीवरचा पाऊस लक्षणीय घटल्याची नोंद आहे. म्हणजे उत्तर प्रदेशातल्या दमट लाटेपासून गंगेच्या खोऱ्याला वाचवणारा उपाय मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मृगावर उठू शकतो. ‘भारत’ हा कर्ता एका बाजूने तुटतो तो येथे. कादंबरीत ही शंका ओझरती येते आणि पुढच्या यशाखाली बुजते. जमिनीत कार्बन साठवण्याच्या संदर्भात पुढे भारतीय शेती येते, सिक्कीम आणि केरळ येथील प्रयोगांचे गौरवपूर्वक दाखले येतात. पण आकाशाच्या निर्णयात पेरणीसाठी आकाशाकडे पाहणारा माणूस पक्षकार होत नाही. आपत्तीनंतर देशातले सरकार बदलले, नवी आघाडी आली, एवढ्याने लोकसंमतीचा मुद्दा निकालात निघाला, असे गृहीत धरलेले दिसते.

रॉबिन्सन यांना भारताविषयी आस्था आहे, याबद्दल दुमत नसावे. पण आस्थेपोटी दिलेले कर्तेपणही ठोकळ असू शकते.

५

नारळीकरांच्या ज्या कथेचा उल्लेख केला ती बाळ फोंडके यांनी संपादित केलेल्या आणि नॅशनल बुक ट्रस्टने १९९३ साली काढलेल्या ‘इट हॅपन्ड टुमारो’ या संग्रहात ‘द आइस एज कमेथ’ या नावाने आहे. मुंबईत बर्फ पडते. वसंत चिटणीस या शास्त्रज्ञाने धोक्याची सूचना आधीच दिलेली होती, पण कोणी ती मनावर घेतली नव्हती. ज्वालामुखीच्या राखेने स्थितांबर झाकोळते, वातावरणात सूक्ष्म हिमकणांचा थर तयार होतो, सूर्याची उष्णता परतवली जाते आणि हिमयुग अवतरते. उपाय म्हणून भारतातून अग्निबाण सोडून उष्णता शोषणारे कण वर पसरवले जातात. इंद्रावरच्या स्वारीची कल्पना या मोहिमेच्या नावात आहे.

रॉबिन्सनचा भारत आकाशात कण सोडून पृथ्वी थंड करतो, नारळीकरांचा भारत कण सोडून ती उबदार करतो. दिशा उलट असली तरी कृतीचा आराखडा एकच. आणि नारळीकरांची कथा आधीची आहे, म्हणून आकाश दुरुस्त करणारा भारत ही प्रतिमा पाश्चात्त्य कादंबरीने आपल्याला भेट दिली, असे समजण्याचे कारण नाही. दोहोंतला खरा फरक कर्त्याच्या घडणीत आहे. नारळीकरांच्या कथेत भारत बळी म्हणून कृती करत नाही. तो जाणकार म्हणून कृती करतो. सूडाचा लवलेश नाही, करारभंगाचा प्रश्न नाही. ज्ञान ज्याच्यापाशी आहे तो कर्ता, असा साधा न्याय आहे. स्वातंत्र्योत्तर भारतातल्या वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या संकल्पनेने ज्या पिढीला घडवले, तिचा हा आत्मविश्वास आहे.

कथेची निवेदनपद्धतीही याला साजेशी आहे. चिटणीस सांगतो आणि राजीव हा पत्रकार विचारतो. शंका घेणारा श्रोता आणि तिचे निरसन करणारा वक्ता, ही पुराणकथनाची घडी नारळीकरांनी विज्ञानाच्या निरूपणासाठी सहज वापरली. मराठी विज्ञानकथेला प्रबोधनाची जबाबदारी जन्मतःच मिळाली होती. नारळीकरांची पहिली विज्ञानकथा ‘कृष्णविवर’ मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या स्पर्धेसाठी टोपणनावाने लिहिली गेली होती, हे येथे स्मरावे. या घडीत ‘आपण’ हे सर्वनाम अगदी नैसर्गिक असते. कीर्तनकार श्रोत्यांना ‘आपण’च म्हणतो. पण श्रोत्याला शंका विचारता येते, मतभेद नोंदवता येत नाही. त्या कणांना नको म्हणणारे कोणी कथेत नाही. ज्या काळात ही कथा रचली गेली त्या काळात तिच्याकडून हे अपेक्षिणे अनुचित ठरेल. मात्र मराठी समीक्षेकडून एवढी अपेक्षा करणे अनुचित नव्हते, की तिने या कथांची केवळ ‘रंजक’ आणि ‘उद्बोधक’ अशी वासलात न लावता त्यांचा रूपबंध तपासावा. नारळीकरांना २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले, २०२५च्या मे महिन्यात ते गेले. दोन्ही प्रसंगी शास्त्रज्ञाचा गौरव भरपूर झाला. कथाकाराची चिकित्सा बाकी राहिली.

त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये या चिकित्सेला चांगला वाव आहे. तेथे विश्वासराव पानिपतावर वाचतो आणि इतिहास दुसऱ्या वाटेने जातो. मराठी कल्पनाशक्तीला पर्यायी भूतकाळ जितक्या सहज सुचतो तितका पर्यायी भविष्यकाळ सुचत नाही, हे निरीक्षण कदाचित अतिव्याप्त असेल. पण नेमाड्यांच्या ‘हिंदू’चा (२०१०) नायक पुरातत्त्वाचा अभ्यासक असावा आणि आपल्या सर्वांत महत्त्वाकांक्षी कादंबरीचे तोंड उत्खननाकडे असावे, ही गोष्ट तरी निव्वळ योगायोगाची मानू नये.

६

‘आपण’ला समावेशक म्हटले, पण या सर्वनामाची दुसरी बाजू दाखवल्याशिवाय विवेचन एकांगी राहील. ‘आपल्यातलेच का?’ हा प्रश्न महाराष्ट्रात कोणत्या अर्थाने विचारला जातो, हे सांगण्याची गरज नाही. आडनाव, गाव, कुलदैवत अशा वळणांनी जात काढून घेणाऱ्या संभाषणात ‘आपले’ हा शब्द दार उघडतो तसाच तो लावूनही घेतो. श्रोत्याला आत घेणारे सर्वनाम तिसऱ्याला किती कडेकोटपणे बाहेर ठेवू शकते, हे आपल्या भाषेला पुरते ठाऊक आहे.

प्रयाग अकबर यांच्या ‘लैला’ (२०१७) या इंग्रजी कादंबरीतले शहर या ‘आपल्यां’चे शहर आहे. प्रत्येक समाजाने भिंती घालून आपापला विभाग शुद्ध ठेवला आहे, उंचावरून जाणारे रस्ते ज्यांना परवडतात त्यांना खालची वस्ती पाहावीही लागत नाही. शालिनी ही आई, मुस्लिम पुरुषाशी विवाह केलेली, सोळा वर्षांपूर्वी हिरावून नेलेल्या मुलीला शोधते आहे. निवेदन प्रथमपुरुषी एकवचनी आहे, आणि ते तसेच असणे अटळ आहे; ज्या जगात प्रत्येक अनेकवचन कुंपणाच्या आत असते तेथे बाहेर फेकलेल्या बाईपाशी फक्त ‘मी’ उरतो. ऑक्टाव्हिया बटलर यांच्या ‘पॅरेबल ऑफ द सोअर’मध्येही (१९९३) तटबंदीतली वस्ती आहे आणि दैनंदिनी लिहिणारी एकटी मुलगी आहे, पण तिची वस्ती जळाल्यावर ती रस्त्याने चालता चालता अनोळखी माणसांमधून नवे अनेकवचन जुळवत जाते. शालिनीला ती मुभा नाही. तिचा ‘मी’ही निर्दोष नाही. सुखाच्या दिवसांत घरातल्या कामकरी बायांशी ती कशी वागत होती, हे तिच्याच निवेदनातून पाझरत राहते. कादंबरीची सारी नैतिक गुंतागुंत त्या पाझरण्यात आहे.

बटलर यांच्या कादंबरीतली पहिली नोंद २० जुलै २०२४ची आहे. रॉबिन्सनची उष्णतेची लाट २०२५च्या सुमारास येते, आणि त्यांची झुरिकची संस्था बोगोता येथे भरलेल्या एकोणतिसाव्या हवामान परिषदेत जन्मते. या तारखा आता मागे पडल्या. एकोणतिसावी परिषद प्रत्यक्षात २०२४च्या नोव्हेंबरात बाकू येथे झाली आणि तिच्यातून अशी कोणतीही संस्था निघाली नाही. दोन कोटी माणसेही त्या रीतीने मेली नाहीत. भविष्यकथा कालबाह्य झाली की ती चुकली असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः तारीख उलटून गेल्यावरच तिचे क्रियापद नीट ऐकू येते. जे भविष्यकाळी वाटत होते ते संकेतार्थी होते, ‘असे झाले असते, तर’ या घडणीचे. संकेतार्थात कर्ता बदलून पाहता येतो. फ्रँकच्या जागी त्या गावातल्या दवाखान्याची परिचारिका वाचली असती, तर? तिला झुरिकला जाण्याचे कारण नव्हते. तिने सांगितलेली कादंबरी बहुधा उत्तर प्रदेशातच राहिली असती, आणि पुढच्या जूनमध्ये पाऊस वेळेवर आला की नाही हे तिला कळवावेच लागले असते.

म्हणूनच त्या वैमानिकांच्या प्रकरणाचा मराठी अनुवाद ही मला केवळ भाषांतराची अडचण वाटत नाही. पहिले वाक्य उड्डाणाचे असेल तर ‘आम्ही’ चालून जाईल. विमानात खरोखर तेच होते. अडचण पुढे येते. वायू सोडून झालेला आहे, विमान वळले आहे, खाली ढगांखाली कुठे तरी शेते आहेत, आणि केलेल्या कामाविषयी समाधानाचे एखादे वाक्य उच्चारायचे आहे. तेथे ‘आम्ही केले’ म्हणावे तर खालचे सर्व लोक वाक्याबाहेर राहतात, आणि ‘आपण केले’ म्हणावे तर ज्यांना विचारलेच नाही त्यांचीही त्यावर सही होते. मूळ संहितेत अनुवादकाला आधार सापडत नाही. ती निवड तिने केलेलीच नाही.